जोडलेली वस्तू एक की अनेक? पितळी प्रतिकृती, झाळकाम आणि ज्योतीची निवड

पितळेच्या पातळ पत्र्यांचे तुकडे झाळून रेल्वेचा डबा, देवळाचे शिखर किंवा जुन्या तोफेची लहान प्रतिकृती करायला घेतली की दोन प्रश्न समोर येतात. पहिला व्यवहाराचा: झाळ वितळवण्यासाठी कोणती ज्योत घ्यावी? दुसरा तत्त्वज्ञानाचा: वेगळे तुकडे जोडून जी वस्तू तयार होते ती खरोखर एक असते, की तुकड्यांच्या समूहाला आपण एक नाव दिलेले असते? हे दोन प्रश्न एकमेकांपासून दूरचे वाटतात, पण तसे ते नाहीत. ज्योत केवढी असावी हे ठरवताना कारागीर जोडाने काय साधायचे आणि काय अबाधित ठेवायचे हेच ठरवत असतो. भारतीय दर्शनांनी अवयव आणि अवयवी, म्हणजे भाग आणि पूर्ण वस्तू, यांच्या संबंधावर अनेक शतके वाद घातला. त्या वादातील काही भेद झाळकामाच्या मेजावर आजही उपयोगी पडतात.

एकत्वाचे चार प्रकार

छत्रपती संभाजीनगर आणि त्याच्या परिसरात हा प्रश्न दगडात आणि धातूत पाहायला मिळतो. वेरूळचे 16 क्रमांकाचे कैलास लेणे एकाच खडकातून वरून खाली कोरत आणलेले आहे. आठव्या शतकातील राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्याशी त्याचे नाव जोडले जाते. खांब, शिखर, मंडप असे भाग त्यात स्पष्ट दिसतात, पण त्यांच्यामध्ये सांधा नाही. तिथे अखंडता आधीची आहे आणि भाग नंतरचे.

त्याच डोंगरातील 10 क्रमांकाचे बौद्ध चैत्यगृह ‘विश्वकर्मा’ किंवा ‘सुतार की झोपडी’ या नावाने ओळखले जाते. त्याच्या छताला लाकडी वाशांसारख्या कमानी आहेत. लाकडी बांधकामात असे वासे एकेक करून बसवावे लागतात. इथे ते खडकातच कोरले आहेत. जोड नसताना जोडाचे रूप दाखवणारी ही दगडी प्रतिकृतीच आहे.

शहरातील बीबी का मकबरा या वास्तूच्या प्रवेशद्वाराच्या लाकडी दारावर नक्षीदार पितळी पत्रा मढवलेला आहे. लाकूड आणि पितळ तिथे एकत्र नांदतात, पण कोणी कोणात मिसळत नाही. बिदरी कामात जस्त आणि थोडे तांबे यांच्या मिश्रधातूच्या भांड्यावर नक्षी खोदतात आणि त्या खाचांत चांदीची तार किंवा पत्रा ठोकून बसवतात. चांदी घट्ट धरली जाते, मात्र ती बसवताना ज्योत लागत नाही. पकड खाचेची आणि हातोडीची असते.

झाळकाम या चारही प्रकारांहून वेगळे आहे. त्यात भाग आधी वेगळे असतात, त्यांच्यामध्ये तिसरा धातू वितळून शिरतो आणि थिजल्यावर सगळे मिळून एक वस्तू म्हणून उचलले जातात. कैलास लेण्याचे एकत्व मूळ द्रव्याचे आहे, मढवलेल्या दाराचे केवळ शेजाराचे. झाळलेल्या प्रतिकृतीचे एकत्व या दोहोंच्या मध्ये पडते, आणि म्हणूनच ती तत्त्वज्ञानाच्या दृष्टीने अवघड ठरते.

झाळताना काय घडते

पितळ हा तांबे आणि जस्त यांचा मिश्रधातू. 70 भाग तांबे आणि 30 भाग जस्त असलेले पितळ सुमारे 915 अंश सेल्सिअसला वितळू लागते. मऊ झाळ याच्या कितीतरी आधी वितळते. 63 टक्के कथील आणि 37 टक्के शिसे असलेली झाळ 183 अंशांना पातळ होते. शिसे नसलेली, कथील आणि अगदी थोडे तांबे असलेली झाळ 227 अंशांना. चांदीयुक्त कडक झाळेला साधारण 600 ते 800 अंशांच्या दरम्यानचे तापमान लागते. म्हणजे मऊ झाळ वापरली तर पत्रा आणि झाळ यांच्या वितळबिंदूंत सातशे अंशांच्या आसपास अंतर राहते. कडक झाळेत ते शंभर-सव्वाशे अंशांपर्यंत खाली येऊ शकते.

वितळलेला धातू पितळावर आपोआप पसरत नाही. हवेच्या संपर्काने पितळावर ऑक्साइडचा थर धरतो आणि त्या थरावर झाळ गोळी होऊन बसते. हा थर काढण्यासाठी आणि तापताना तो पुन्हा धरू नये यासाठी फ्लक्स लागतो. मऊ झाळेसाठी राळेचे किंवा झिंक क्लोराइडचे फ्लक्स वापरतात; कडक झाळेसाठी सोनारांच्या जुन्या सरावातला टाकणखार. पृष्ठभाग स्वच्छ असेल आणि फट अरुंद असेल तर केशाकर्षणाने झाळ आपण होऊन फटीत ओढली जाते.

झाळ आणि पितळ जिथे भेटतात तिथे झाळेतील कथील पितळातील तांब्याशी संयोग पावते आणि दोहोंच्या मधोमध एका नव्या आंतरधातू संयुगाचा अतिशय पातळ थर तयार होतो. याच थरामुळे झाळ पत्र्याला धरून राहते. पण झाळ गरजेपेक्षा जास्त तापवली किंवा फार वेळ पातळ ठेवली तर हा थर जाड होतो, आणि जाड थर ठिसूळ असतो. जोड धरणारी उष्णताच प्रमाणाबाहेर गेली की जोड कमकुवत करते.

न्याय-वैशेषिकांचे उत्तर

वैशेषिक दर्शन कणादाचे म्हणून ओळखले जाते. पुढे न्याय दर्शनाने त्याच्याशी हातमिळवणी केली. या परंपरेच्या मते अवयवी, म्हणजे पूर्ण वस्तू, अवयवांहून वेगळे आणि खरे द्रव्य आहे. धागे म्हणजे कापड नव्हे; धाग्यांच्या ठिकाणी कापड नावाचे नवे द्रव्य उत्पन्न होते. दोन धागे एकमेकांना लागून असतात तो संयोग. संयोग हा गुण आहे, तो उत्पन्न होतो आणि विभागाने नष्ट होतो. कापड धाग्यांत राहते तो मात्र समवाय, म्हणजे ज्यांना वेगळे काढता येत नाही अशांचा संबंध.

कोणतेही भावरूप कार्य होण्यासाठी हे दर्शन तीन कारणे मानते. ज्यात कार्य समवायाने राहते ते समवायी कारण: कापडाच्या बाबतीत धागे. त्या कारणात राहून कार्य घडवणारे ते असमवायी कारण: धाग्यांचा संयोग. या दोहोंहून वेगळे, पण ज्याच्यावाचून कार्य होत नाही ते निमित्त कारण: विणकर, माग, धोटा.

हीच मांडणी पितळी प्रतिकृतीला लावली तर कामाचे नेमके विश्लेषण हाती येते. पत्र्याचे तुकडे समवायी कारण आहेत. त्यांचा परस्पर संयोग, म्हणजे प्रत्येक सांधा, असमवायी कारण आहे. कारागीर, चिमटा, फ्लक्स आणि ज्योत ही निमित्त कारणे आहेत. झाळेचे स्थान मात्र पहिल्या नजरेत चकवते. ती हत्यारासारखी वापरली जाते, पण काम संपल्यावर वस्तूतच राहते. प्रतिकृतीच्या वजनात तिचे वजन असते. म्हणून ती निमित्त नव्हे, तीही एक अवयव आहे. फ्लक्सचे उलट आहे. तो सांध्यात वितळून शिरतो, पण त्याने तिथे राहू नये. झिंक क्लोराइडसारखे आम्लधर्मी फ्लक्स धुवून काढले नाही तर काही दिवसांत पितळावर हिरवट डाग धरतात आणि सांधा खाल्ला जातो. निमित्त कारण वस्तूत उरले की ते दोष होते.

हीच कसोटी ज्योतीला लागते. ज्योतीने झाळ वितळवावी आणि वस्तूवर आपली खूण ठेवू नये. खूण तीन प्रकारे राहते: पातळ पत्रा वाकतो, कठीण केलेला पत्रा जास्त तापल्याने मऊ पडतो, आणि तापमान फारच चढले तर पितळातील जस्त वाफ होऊन निघून जाते. शुद्ध जस्त 907 अंशांना उकळते, त्यामुळे लालबुंद पितळातून येणारा पांढरा धूर जस्ताचा असतो. तो श्वासात गेल्यास ताप आणि अंगदुखी येते. या तिन्ही प्रसंगी निमित्त कारणाने समवायी कारणातच बदल केलेला असतो.

उष्णतेने होणाऱ्या बदलांविषयी या परंपरेत एक स्वतंत्र वाद आहे. कच्चा घडा भट्टीत लाल होतो तेव्हा बदल कुठे होतो? वैशेषिक पीलुपाकवादी आहेत: अग्नीच्या आघाताने घडा परमाणूंपर्यंत सुटतो, परमाणूंचा रंग बदलतो आणि त्यांचा पुन्हा घडा बनतो. नैयायिक पिठरपाकवादी आहेत: घडा सच्छिद्र असतो, अग्नी त्याच्या आत शिरतो आणि घडा न मोडता पूर्ण वस्तूचाच रंग बदलतो. झाळकामात दोन्ही चित्रांचा थोडा थोडा प्रत्यय येतो. पत्रा तापतो पण मोडत नाही. तिथे नैयायिकांचे म्हणणे जुळते. झाळ मात्र आपला आकार पूर्ण सोडते आणि थिजताना नवी रचना घेते. याच दर्शनाने द्रवत्वाचे दोन प्रकार सांगितले आहेत: पाण्याचे स्वाभाविक, आणि तूप, लाख, सोने यांचे अग्नीच्या निमित्ताने येणारे नैमित्तिक. झाळेचे द्रवत्व नैमित्तिक आहे, आणि कारागिराची सारी मदार त्याच्यावर आहे: ज्योत आली की प्रवाह, ज्योत गेली की पकड.

बौद्धांचा आक्षेप

बौद्ध विचार अवयवीचे वेगळे अस्तित्व नाकारतो. ‘मिलिंदप्रश्न’ या पाली ग्रंथात भिक्खू नागसेन ग्रीक राजा मिलिंदाला विचारतो की रथ म्हणजे आस का, चाके का, जू का. आणि यांपैकी काहीही रथ नसेल तर रथ आहे कुठे? निष्कर्ष असा की ‘रथ’ हे त्या भागांवर आधारलेले व्यवहारातले नाव आहे. या संवादाचे स्मरण छत्रपती संभाजीनगरात रोज होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने 1950 साली या शहरात सुरू केलेले महाविद्यालय पुढे मिलिंद महाविद्यालय झाले, आणि त्याच्या परिसराला नागसेनवन म्हणतात.

पुढच्या बौद्ध तर्कपंडितांनी आक्षेप अधिक धारदार केले. अवयवी वेगळे द्रव्य असेल तर त्याचे वेगळे वजन तराजूत दिसले पाहिजे. पत्र्याचे तुकडे आणि झाळ आधी तोलले आणि नंतर तयार प्रतिकृती तोलली, तर वाढ काहीच दिसत नाही. दुसरा आक्षेप विरुद्ध धर्मांचा. एकाच वस्तूचा एक भाग झाकलेला आणि दुसरा उघडा, एक हलणारा आणि दुसरा स्थिर असेल, तर ती ‘एक’ वस्तू झाकलेली म्हणावी की उघडी? झाळताना हाच पेच उष्णतेच्या रूपात दिसतो. डब्याचा एक कोपरा दोनशे अंशांवर असतो आणि दुसरे टोक बोटांत धरता येते. मग डबा गरम आहे की गार?

नैयायिक उत्तर देतात की कमीजास्त उष्णता अवयवांची आहे आणि संयोग तर वस्तूला सर्वत्र व्यापत नाहीच. म्हणून विरोध येत नाही. शिवाय एका टोकाला धरून पूर्ण वस्तू उचलता येते, ओढता येते. वाळूच्या ढिगाचे तसे होत नाही. नुसता समूह आणि अवयवी यांतला हा फरक नावाचा नाही. झाळलेल्या डब्यापुरते हे उत्तर बळकट आहे: झाळण्याआधी मेजावर मांडलेले तुकडे ढिगासारखे असतात, झाळल्यानंतर ते एकत्र उचलले जातात.

तरीही बौद्धांच्या आक्षेपात व्यवहाराचा एक धडा आहे. वैशेषिक मताप्रमाणे एक अवयव निघाला की जुना अवयवी नष्ट होतो आणि उरलेल्या भागांचा नवा उत्पन्न होतो. असे असेल तर डब्याची शिडी निसटली की जुना डबा संपला आणि ती परत झाळली की तिसराच जन्मला. कोणताही छांदिष्ट असे म्हणत नाही. तो म्हणतो, ‘डबा दुरुस्त केला.’ वस्तूची ओळख तिच्या द्रव्यावर जेवढी अवलंबून असते तेवढीच ती कशासाठी आणि कोणत्या नावाने वापरली जाते यावरही असते.

जैनांची मांडणी

वेरूळच्या 30 ते 34 क्रमांकाच्या जैन लेण्यांमागे उभी असलेली परंपरा दोन्ही टोके टाळते. अनेकान्तवादानुसार वस्तू द्रव्याच्या दृष्टीने एक आणि पर्यायांच्या, म्हणजे बदलत्या अवस्थांच्या, दृष्टीने अनेक असते. दोन्ही विधाने आपापल्या अपेक्षेने खरी. उमास्वातींच्या ‘तत्त्वार्थसूत्रा’च्या पाचव्या अध्यायात पुद्गल, म्हणजे जड द्रव्य, याच्या बंधाचा विचार आहे. स्निग्धता आणि रूक्षता या गुणांमुळे कण एकमेकांना बांधले जातात, आणि या गुणांची मात्रा कमी पडली तर बंध होत नाही, असे तिथे सांगितले आहे.

हा आधुनिक धातुविज्ञानाचा सिद्धान्त नव्हे आणि तसा तो वाचूही नये. पण त्यात एक दृष्टी आहे: नुसते जवळ येणे म्हणजे बंध नव्हे, बंधाला दोन्ही बाजूंच्या गुणांची विशिष्ट मात्रा लागते. मळलेल्या पत्र्यावर झाळ कितीही तापवली तरी ती धरत नाही, आणि स्वच्छ पत्र्यावर ती योग्य तापमानाला क्षणात पसरते. जोड न जमल्यास नवख्या माणसाचा पहिला विचार मोठी ज्योत घेण्याचा असतो. बहुतेक वेळा कमतरता आगीची नसून स्वच्छतेची असते.

उपनिषद आणि देवघर

छांदोग्य उपनिषदात या विषयाला दोन ठिकाणी स्पर्श झाला आहे. सहाव्या अध्यायात उद्दालक आरुणी श्वेतकेतूला सांगतो की मातीचा एक गोळा जाणला की मातीचे सारे जाणले जाते. सोने आणि लोखंड यांचेही तसेच. अद्वैत वेदान्ताने यावरून कारणच सत्य आणि आकार केवळ नावापुरते असा अर्थ काढला. कैलास लेण्याला ही दृष्टी शोभते, कारण तिथे खडक एकच आहे. झाळलेल्या प्रतिकृतीला ती पुरी पडत नाही: तिथे कारणद्रव्येच दोन आहेत, आणि सांध्यात तयार झालेले संयुग तर तिसरे.

दुसरा उल्लेख चौथ्या अध्यायातला आहे आणि तो थेट सांधकामाचा आहे. यज्ञात चूक झाली तर ब्रह्मा नावाचा ऋत्विज ती कशी सांधतो हे समजावताना तिथे क्षाराने सोने, सोन्याने चांदी, चांदीने कथील अशी सांध्यांची मालिका दिली आहे. शंकराचार्यांच्या भाष्यात हा क्षार टंकण, म्हणजे टाकणखार, वगैरे असल्याचे म्हटले आहे. भंगलेले कर्म दुरुस्त होऊ शकते, आणि दुरुस्तीनंतर ते तेच कर्म राहते, असा या दृष्टान्ताचा रोख आहे.

हाच प्रश्न देवघरात पुन्हा येतो. भंगलेली मूर्ती पूजेत ठेवू नये असा संकेत आहे. जीर्ण मूर्तींची व्यवस्था सांगताना अग्निपुराणाने लाकडी मूर्ती अग्नीत, दगडी पाण्यात आणि धातूची खोल पाण्यात किंवा समुद्रात सोडण्याचा विधी दिला आहे. महाराष्ट्रातील घराघरांत मात्र झिजलेले टाक सोनाराकडे देऊन आटवून नवे घडवून घेण्याची रीतही आहे. द्रव्य तेच, आकार नवा आणि कुळाचे दैवत तेच. इथे ओळख धातूच्या अखंडतेवर नव्हे, तर पूजेच्या सातत्यावर उभी राहते.

ज्योतीची निवड

वरील विचारातून निवडीचे निकष सरळ निघतात. पहिला भेद तापमान आणि उष्णतेचे प्रमाण यांचा. लहान आणि मोठ्या ब्यूटेन टॉर्चच्या ज्योतीचे तापमान फारसे वेगळे नसते, कारण ते इंधन आणि हवेच्या मिश्रणावर ठरते. फरक असतो तो दर सेकंदाला धातूत जाणाऱ्या उष्णतेचा. दोघांचीही ज्योत मऊ झाळेला लागणाऱ्या तापमानाच्या कितीतरी पुढे असते. म्हणून ‘जास्त तापणारी’ टॉर्च शोधण्यात अर्थ नाही. जागेपुरती उष्णता देणारी शोधावी.

पितळ उष्णता तांब्याइतकी वेगाने वाहून नेत नाही, पण लहान वस्तूत ती शेजारच्या सांध्यापर्यंत काही सेकंदांत पोचते आणि आधी झाळलेला भाग सुटतो. यासाठी सुईसारखी बारीक ज्योत देणारी पेन्सिल टॉर्च प्रतिकृतींच्या कामाला योग्य. ज्योतीचा आकार आणि गॅसचा प्रवाह बारकाईने कमीजास्त करता आला पाहिजे. टॉर्च मेजावर न कलंडता उभी राहील असा रुंद तळ हवा, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात. पेटवण्याची कळ चुकून दाबली जाऊ नये म्हणून तिला अडसर हवा. टाकी पुन्हा भरता येणारी असावी आणि गॅस शुद्ध असावा. अशुद्ध गॅसने बारीक तोटी चोंदते.

ब्यूटेन उणे 0.5 अंशांना उकळतो, म्हणून तो कमी दाबाखाली हलक्या टाकीत द्रवरूपात राहतो. थंडीच्या पहाटे दाब उतरतो आणि ज्योत मंद होते. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात, पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा, टाकी उन्हात किंवा बंद गाडीत ठेवणे धोक्याचे. भरण्याआधी टॉर्च पूर्ण गार होऊ द्यावी आणि जवळपास दुसरी ज्योत नसावी.

प्रत्येक सांध्याला टॉर्च लागतेच असेही नाही. 0.3 मिलिमीटरच्या आसपासच्या पातळ पत्र्यांना मऊ झाळेसाठी विजेचे सोल्डरिंग आयर्न पुरते. जाड ओतीव भाग, चाकांचे सांगाडे, बाष्पक यांसारखे तुकडे आयर्नची उष्णता शोषून घेतात. तिथे टॉर्च लागते. सोनारांची तोंडाने फुंकायची फुंकणी आणि दिवा हे साधनही चांगल्या हातात तितकेच नेमके ठरते. कडक झाळेचे सांधे आधी आणि मऊ झाळेचे नंतर करावेत, म्हणजे नंतरची ज्योत आधीचे काम सोडवत नाही. ज्योत आधी जाड भागावर फिरवावी आणि झाळ ज्योतीने नव्हे, तापलेल्या पितळाने वितळू द्यावी. शेजारच्या सांध्यावर ओले फडके किंवा धातूचा चिमटा लावल्यास उष्णता तिथेच अडते. काम विटेवर, हवेशीर जागी करावे, आणि शिशाची झाळ हाताळल्यावर हात धुवावेत.

तीन परंपरांचा झाळकामापुरता हिशेब असा लागतो. प्रतिकृती घडते कशी हे न्याय-वैशेषिकांच्या कारणविचाराने सर्वांत स्पष्ट होते. ती दुरुस्त होऊनही ‘तीच’ का राहते हे बौद्धांच्या व्यवहारविचाराने कळते. सांधा कधी धरतो हे पाहण्याची दृष्टी जैन बंधविचार देतो. निवडीपुरता निर्णय मात्र पहिल्याकडे झुकतो: ज्योत निमित्त कारण आहे, म्हणून झाळ वितळवील आणि पितळात आपली खूण ठेवणार नाही एवढीच ती असावी. दोन टॉर्चमध्ये संभ्रम पडला तर लहान, बारीक आणि नियंत्रणात राहणारी घ्यावी.